निवेदनातील कन्या

बुधवार, ६ मार्च

ज्याच्या कृपेवाचून लेखणीस शब्द सुचत नाही आणि जिभेस मौन साधत नाही, त्या करुणासागराला आरंभी वंदन. तू बुद्धीचा दाता, आणि ती घसरली तर तूच तिचा साक्षी. ह्या पानांवर जे उतरेल ते तुझ्या दृष्टीसमोर उतरो. त्यात माझा अहंकार डोकावलाच, तर त्याचा कान तूच धर.

आता प्रस्तुत विषय. माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीची लेक आज दुपारी आली आणि पायांतल्या चपला काढण्यापूर्वीच रडू लागली. ही भाची चष्म्यांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावे म्हणून झटते आणि घरी गेल्यावर तिला स्वतःला पुढचे काही दिसत नाही, असे तीच म्हणाली. तिने आणि जावईबापूंनी गेल्या वर्षी न्यायालयाच्या रीतसर आदेशाने एक मुलगी दत्तक घेतली. मुलगी आता आठ वर्षांची आहे. जावईबापू लांब पल्ल्याची बस चालवतात, त्यामुळे बहुतेक रात्री बाहेरच. इकडे मुलगी हाती येईल ते भिरकावते, चावते, शाळेतून निघून जाते आणि कारण विचारले की छताकडे पाहत बसते.

"मावशी, मला नाही गं जमत," भाची म्हणाली. "मी वाईट आहे असं समज हवं तर. पण तिला माझ्यापेक्षा चांगलं घर मिळू दे. तुझ्या प्रार्थनागृहात एवढी सज्जन माणसं येतात, तू नुसता शब्द टाक."

"दत्तकसंस्थेत सांगितलंस का?" ह्यांनी विचारले.

"कुठल्या तोंडानं सांगू, काका? त्या ताई घर बघायला आल्या तेव्हा आम्ही केवढ्या गप्पा मारल्या होत्या."

प्रार्थनागृहात दर रविवारी माझे निरूपण असते आणि सध्या विषय चालू आहे दानाचा. निरूपणानंतर मी निवेदने वाचते: कोणाला कपाट नको असते, कोणाला हवे असते, अशा रीतीने अनेक वस्तू योग्य घरी पोहोचल्या आहेत. दानावर बोलत असतानाच हे दान समोर यावे, हा योग पाहून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. भाचीला म्हटले, येत्या रविवारी निवेदन करते. तोवर मुलगी आमच्याकडे राहू दे, तू विसावा घे.

हे खिडकीशी बसून कोणाचे तरी घड्याळ उघडत होते. म्हणाले, "अगं, पोर आहे ती. शिवणयंत्र नाही." घड्याळे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या मनुष्याला दानाचे माहात्म्य समजावणे कठीण आहे.

गुरुवार, ७ मार्च

कन्या आली. सोबत एक पिशवी. आल्याआल्या तिने घरातले एकूण एक खण उघडून पाहिले, त्यातल्या वस्तू हात न लावता न्याहाळल्या आणि पुन्हा बंद केले. ह्यांनी तिथल्या तिथे तिचे नाव 'इन्स्पेक्टर' ठेवले. दुपारी साखरेच्या बरणीचे झाकण फुटले. संध्याकाळी ह्यांनी तिला हाताला धरून जिन्यावरून उतरवू पाहिले, तेव्हा ह्यांच्या मनगटावर दातांची महिरप उमटली.

"घड्याळाच्या जागी नेमकी बसवलीये," हे मनगट पाहत म्हणाले. "हात कसबी आहे. म्हणजे दात."

एक गुण मात्र लक्षात आला. तिच्या फ्रॉकच्या खिशात दात घासण्याचा ब्रश सदैव असतो. झोपतानाही ती तो काढत नाही. एवढ्या कोवळ्या वयात दंतशुद्धीविषयी इतकी आस्था दुर्मीळच म्हणावी लागेल. निवेदनात ह्याचा उल्लेख करावा काय?

रविवार, १० मार्च

आज सभागृह भरलेले होते. निरूपण चांगले झाले असे मला वाटते. दात्याचा हात पुढे होताना मनाने मागे राहू नये, ह्या मुद्द्यावर पुढच्या रांगेतल्या दोघींनी डोळे टिपले. त्यानंतर निवेदने. प्रथम एक टेबलपंखा. त्यानंतर मी वाचले: "एका निरोगी, चुणचुणीत, आठ वर्षांच्या कन्येस प्रेमळ व सदाचारी घर हवे आहे. इच्छुकांनी निरूपणानंतर भेटावे." त्यानंतर एक पाळणा, जवळजवळ नवा.

कन्या मागच्या रांगेत ह्यांच्या शेजारी बसून बिस्किटे खात होती. मुलांचे लक्ष कोठे असते? पाळण्याचे निवेदन चालू असता तिने ह्यांचा हात धरलेला मी पाहिला. आजवर तिने कोणाचा हात आपण होऊन धरला नव्हता. सत्संगतीचा परिणाम इतका सत्वर होतो!

नंतर तिघे भेटले. एक शिंपी, त्याला तीन मुलगे आहेत आणि बायकोला लेक हवी आहे. एक गणिताच्या निवृत्त बाई, एकट्या राहतात, म्हणाल्या, "मला स्वयंपाक येत नाही, पण भागाकार येतो." आणि एक अपरिचित दांपत्य, शहराबाहेर त्यांचे लॉज आहे. गृहस्थ वाकून नमस्कार करते झाले आणि निरूपणातला एक श्लोक त्यांनी मला अचूक म्हणून दाखवला. पात्र सापडले, असे मनात आले.

सोमवार, ११ मार्च

परमेश्वरी लीला अगाध आहे. कन्या आज पहाटे उठली, अंथरुणाची घडी केली, कप विसळले, शाळेला वेळेवर गेली आणि आलीही. एक वस्तू फुटली नाही. जेवताना दुसऱ्यांदा वाढू लागले तर ताटावर हात आडवा धरला.

"मला कमीच लागतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "आजी, मला बटणंही लावता येतात." पुन्हा थोड्या वेळाने, "आणि मी जास्त बोलत नाही."

आत्मस्तुती हा दोष आहे हे मी तिला गोडीने समजावले. तिने मान डोलावली आणि माझे चष्म्याचे घर पुसून ठेवले. एका निरूपणाने एवढा पालट घडावा! मी आनंदाने ह्यांना म्हटले, "पाहिलंत?"

"पाहिलं," हे म्हणाले आणि जेवण अर्धे टाकून उठले. ह्यांचे पोट बिघडलेले दिसते.

बुधवार, १३ मार्च

लॉजवाले दांपत्य घरी आले. कन्येने न सांगता पाण्याचे पेले आणून ठेवले. बाईंनी तिला वळवून, हात उलटसुलट करून पाहिले.

"पहाटे उठते का?"

"सूर्योदयापूर्वी," मी अभिमानाने सांगितले.

"बरं झालं. आमच्याकडचे पाहुणे लवकर निघतात."

"आणि शाळा?" ह्यांनी मधेच विचारले.

"शाळा काय, आहेच की," गृहस्थ हसून म्हणाले. "घरातल्या घरातही माणूस शिकतो. आता मावशी कुठल्या कॉलेजात गेल्या होत्या?"

हे उत्तर मला आवडले. मी सर्व विद्या वडिलांच्या पायांशी बसून शिकले, हे त्यांनी कसे ओळखले कोण जाणे.

"एकच विनंती," ते पुढे म्हणाले, "कोर्टकचेरीची भानगड नको. तुमच्यासारख्यांचा शब्द म्हणजे आम्हाला शिक्कामोर्तब. रविवारी दुपारी गाडी घेऊन येतो."

"तुमचं लॉज नेमकं कुठंय?" हे.

"मोठ्या रस्त्याला लागून. कुणीही सांगेल."

मी शब्द दिला. भाचीला फोन करून कळवले. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर ती काही बोलेना आणि फोनही ठेवीना. शेवटी मीच ठेवला.

"घड्याळाचं गिऱ्हाईकसुद्धा विचारतं, की बाबा हे पाण्यात चालतं का, ह्याला काय सोसत नाही," हे चिडून म्हणाले. "त्यांनी पोरीला एक तरी गोष्ट विचारली का?"

"तुमचं सगळं घड्याळापाशी येऊन थांबतं."

"थांबलेलीच माझ्याकडे येतात."

गुरुवार, १४ मार्च

हे सकाळी घड्याळाचे तेल आणावयास म्हणून गेले ते दुपारी परतले. तेल आणले नाही. दुकान बंद होते म्हणाले. कन्येने आज खिडकीच्या काचा पुसल्या.

शुक्रवार, १५ मार्च

आज मन क्षुब्ध आहे, तरी लिहिते.

सकाळी दत्तकसंस्थेच्या ताई स्कूटरवरून आल्या. हेल्मेट काखेत, केस विस्कटलेले, वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांना दारात पाहताच कन्या आत गेली, आपली पिशवी घेऊन आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून बाहेर जाण्याची तिची तयारी मला कौतुकास्पद वाटली. ताई मात्र हेल्मेट टाकून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या.

"मी तुला न्यायला आलेली नाही. मी आजींशी भांडायला आलेय."

कन्येने थोडा विचार केला. "मग भांडा," म्हणाली आणि पिशवीवर बसून राहिली. ह्यांनी तिला आग्रहाने खिडकीपाशी नेले, कानाशी घड्याळ धरायला दिले.

ताई म्हणाल्या, "मावशी, तुमच्या मनात वाईट नाही हे मला माहीत आहे. ह्यात कुणाच्याच मनात वाईट नसतं. थकलेले आईबाप असतात, मध्ये एखादं भलं माणूस असतं, बाहेर एक गाडी उभी असते. मग काही महिन्यांनी मी विचारते, पोर कुठंय? पहिले म्हणतात दुसऱ्यांकडे दिली, दुसरे म्हणतात आमच्याकडून तिसऱ्यांनी नेली. तिसऱ्यांचा पत्ता कुणाकडेच नसतो."

"त्या गृहस्थांना श्लोक पाठ आहेत," मी म्हटले.

"घर पाहिलंत त्यांचं?"

पाहिले नव्हते.

"कायद्यानं ती तुमच्या भाचीचीच मुलगी आहे. गाडीत बसवली म्हणून ते बदलत नाही. बदलतं एवढंच, की तिच्यावर लक्ष ठेवणारं कुणी उरत नाही. खरोखरच जमेना तर त्यालाही वाट आहे. न्यायालय आहे, आम्ही आहोत, मुलीचं म्हणणं ऐकायचं असतं. पण त्याच्या आधी त्या आईनं मदत तरी मागावी. आमच्या दारात यायची तिला लाज वाटते, आणि तुमच्या दारात गाडी उभी राहते. हे उलटं आहे, मावशी."

पुण्यकर्माला कोणी चोरीचा रंग द्यावा, हे मला असह्य झाले. मी त्यांना चहा दिला, पण साखर किती हे विचारले नाही. माझ्या रागाची मजल तेवढीच.

ताईंना कोणी कळवले असावे? प्रार्थनागृहात कोणाच्या तोंडाला कुलूप नसते. मी ह्यांच्याजवळ तसे बोललेही. हे मान खाली घालून एका स्क्रूचा शोध घेत होते.

शनिवार, १६ मार्च

उद्याच्या निरूपणाची तयारी करण्यासाठी सकाळी स्वयंपाकघरात पोथी उघडली. दानाच्या प्रकरणात देय संपले होते. आता अदेय, म्हणजे मनुष्याने कधीच देऊ नये असे काय, तो भाग. शास्त्रकारांनी तेथे विश्वासाने सोपवलेली ठेव सांगितली आहे आणि त्याच ओळीत अपत्यही. ह्या ओळीवर मी कितीदा बोलले असेन. तरी मनाने पळवाट काढलीच: तो विषय विकण्याचा, आपला प्रेमाचा.

तेवढ्यात कन्या येऊन समोर उभी राहिली. हातात पुसायचे फडके.

"आजी, तो पंखा कोणी नेला?"

"गणिताच्या बाईंनी."

"आणि पाळणा?"

"तोही गेला, बाळ."

ती फडक्याची घडी घालू लागली. "आजी, अजून किती दिवस चांगलं वागलं, की निवेदन मागे घेतात?"

पोथी मांडीवरच मिटली. तोंडातून भलतेच निघाले: "तू तर बिस्किटं खात होतीस ना गं?"

"कान बिस्किटं खात नाहीत," ती म्हणाली.

काचा, कप, चष्म्याचे घर, ताटावर आडवा धरलेला हात. सगळे एकदम डोळ्यांपुढे उभे राहिले. मी जमिनीवर तिच्याजवळ बसले. गुडघे कुरकुरले, ते त्यांचे काम. विचारले, "हा ब्रश खिशात का ठेवतेस?"

"मागच्या वेळी राहिला होता तिकडे. मग दुसऱ्यांचा वापरायला लागला."

मी तिची क्षमा मागितली. तिला ते फारसे महत्त्वाचे वाटले नाही. मी म्हणाले, "निवेदन मागे घेतलं. ह्या क्षणी."

"मोठ्यांदा सांगा. त्या दिवशी मोठ्यांदा सांगितलं होतं."

न्याय्य मागणी होती. मी ओट्याला धरून उठले, पदर नीट केला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून निरूपणाच्या आवाजात म्हणाले: "एक निवेदन. गेल्या रविवारी एका कन्येविषयी केलेले निवेदन चुकीचे होते. ते करण्याचा अधिकार निरूपणकर्तीस नव्हता. ते रद्द समजावे." हे दारात उभे राहून टाळ्या वाजवू लागले. शेजारीण खिडकीतून डोकावली, तिलाही हात जोडले.

कन्येने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग शांतपणे फडताळापाशी गेली, माझा निळ्या फुलांचा कप काढला, आणि जमिनीवर सोडून दिला. नंतर माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

मी झाडू आणला.

"चालू झालं बरं का," हे म्हणाले. एवढे प्रसन्न मी त्यांना बऱ्याच काळात पाहिले नव्हते.

"आणि घरी?" कन्येने विचारले. "तिकडे पण रद्द?"

ते माझ्या हाती नाही, हे मला खरे सांगावे लागले. भाचीला, जावईबापूंना आणि ताईंना उद्यासाठी बोलावले आहे. प्रभो, माझ्या शब्दाने जी गाडी निघाली आहे, ती माझ्या दारातून रिकामी परत पाठवण्याचे बळ दे.

रविवार, १७ मार्च

आजचे निरूपण पुढच्या रविवारवर ढकलले. भाची आणि जावईबापू लवकर आले. भाचीने मुलीची दुसरी पिशवी भरून आणली होती. ती खाली ठेवून तिच्याकडे पाठ करून बसली. ताई आल्या. कन्या टेबलाखाली होती. येते म्हणाली नाही, म्हणून कोणी ओढून काढली नाही.

दुपारी गाडी आली. गृहस्थांनी नमस्कार केला, श्लोक म्हटला. मी म्हटले, "क्षमा करा. मुलगी मिळणार नाही."

"मावशी, तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द माझा होता. मूल माझं नव्हतं."

"आम्ही एवढ्या लांबून आलो," बाई म्हणाल्या. "खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली, स्वयंपाकघराच्या मागची."

ताई अगदी मवाळपणे म्हणाल्या, "मूल वाढवायची इच्छा असेल तर फार छान. रीतसर मार्ग मी सांगते. मला फक्त पत्ता द्या, परवा घर बघायला येते." पत्त्याचा विषय निघताच गृहस्थांना महत्त्वाच्या कामाची आठवण झाली. जिना उतरताना ते श्लोक म्हणत नव्हते.

दार लागले आणि भाचीला रडू कोसळले. "आता मी काय करू, मावशी? गाडी गेली म्हणून मी बदलले का?"

ताई खाली बसून पिशवी पाहत होत्या. "हा स्वेटर कोणी धुतला?"

"मीच. तिला थंडी लवकर वाजते."

"आणि हा निळा डबा?"

"तो निळाच लागतो तिला. दुसऱ्यात दिलं तर खात नाही. झाकण घट्ट लावायचं नाही, उघडता नाही आलं तर फेकते. आणि गाजर वेगळं ठेवायचं..." भाची मधेच थांबली.

"नकोशा मुलीबद्दल बरीच माहिती आहे तुम्हाला," ताई म्हणाल्या.

"नकोशी नाहीये हो ती," भाची म्हणाली. "मला झोप हवी आहे. एवढंच. हे बसवर, ती दर रात्री दोनदा उठून दार लागलंय का बघते, मी तिच्या मागे. सकाळी लोकांचे नंबर तपासताना मला अक्षरंच दोन दोन दिसतात. कुणाला सांगू? हौसेनं आणली, आता रडता, म्हणतील."

जावईबापू आजवर घशातल्या घशात बोलत. आज म्हणाले, "मी दिवसपाळी मागतो. मागायला हवी होती." आणि मग, "मला ती घाबरते असं वाटायचं. म्हणून मीच लांब राहायचो."

"मी ऐकतेय," टेबलाखालून आवाज आला.

"मग तुझंही सांग," ताई वाकून म्हणाल्या. "तुला काय वाटतं?"

"मला विचारताय?"

"तुलाच."

"मग मला विचार करायला लागेल. जेवल्यावर सांगते."

जेवल्यावर तिने सांगितले: घरी जाईन, पण शाळा सुटल्यावर आजोबांकडे घड्याळं ऐकायला यायचं, आणि बाबांनी बसच्या हॉर्नला एकदा हात लावू द्यायचा. जावईबापूंनी हॉर्नचे तात्काळ मान्य केले. ताईंनी बजावले की आता त्या वरचेवर येतील, मुलीशी आणि आईशी वेगवेगळ्या बोलतील, आणि सगळे सुरळीत आहे असे कोणी म्हटले तर विश्वास ठेवणार नाहीत. आज त्यांना चहात साखर किती ते विचारले. बिनसाखरेचाच घेतात.

रविवार, २४ मार्च

निरूपण अदेयावर. माझी चूक मी व्यासपीठावरूनच सांगितली. ती तेथूनच झाली होती. सांगितले की ह्यापुढे येथून कोणत्याही मुलाचे निवेदन होणार नाही. दत्तक मूल घेतलेल्या घरात जड जात असेल तर आधी दत्तकसंस्थेच्या ताई. त्यांच्याकडे एकट्याने जाण्याचा संकोच वाटत असेल तर सोबत मी येईन. लाज वाटली तर दोघींत वाटून घेऊ. त्यानंतर निवेदन वाचले: "एका आईला झोप हवी आहे. संध्याकाळी तिच्या घरी येऊन, तिच्या देखत, तिच्या मुलीसोबत थोडा वेळ घालवू शकतील अशी माणसे हवीत. ताई आधी प्रत्येकाला भेटतील."

पंख्यासाठीही एवढी झुंबड उडाली नव्हती. शिंप्याची बायको म्हणाली, "लेक म्हणून नाही तर नाही, येऊन वेणी तर घालीन." गणिताच्या बाईंनी ठणकावले की आपण लाड करणार नाही, आणि पहिलाच वार आपल्याला हवा. शेवटच्या रांगेतला एक तरुण पुढे आला, मान खाली घालून म्हणाला, "आजी, आमच्याही घरी एक आहे. पाच वर्षांचा. बायको माहेरी गेलीये. मी ताईंना भेटू का?" मी त्याचा हात धरून त्याला ताईंकडे नेले. माझ्या साऱ्या निरूपणांत मला ह्याहून मोठे फळ मिळालेले आठवत नाही.

"पाळ्या लावायला आता स्टेशनमास्तर नेमा," हे म्हणाले.

मंगळवार, २ एप्रिल

भाची काल दुपारी अशी झोपली की कोणाच्या घंटेने उठली नाही. गणिताच्या बाईंनी दारावर 'शांतता' असे लिहिले. कन्येने त्याच दाराला लाथ मारली. ताईंना हे सांगितले तर त्या आनंदल्या: चांगले वागून दमलेली होती, आता ती स्वतःच्या घरी आहे असे तिला वाटू लागले असावे. विलक्षण शास्त्र आहे त्यांचे. तरीही मी दाराला लाथ पडल्याबद्दल देवाचे आभार मानले. असे आभार मी प्रथमच मानले.

ह्यांचे घड्याळाचे तेल अजून आलेले नाही, आणि ह्यांना त्याची घाईही नाही.

रविवार, १४ एप्रिल

दुपारी आम्ही दोघे भाचीकडे गेलो. जावईबापू दिवसपाळीवर. आम्ही पोहोचलो तेव्हा मायलेकींचे भांडण न्हाणीघरात पोहोचले होते. कन्येचे केस धुवायचे होते आणि कन्येला ते मान्य नव्हते. आम्ही बाहेर खुर्च्यांवर बसलो. दार अर्धे उघडे होते.

"नाही धुवायचे मला!"

"धुवायचे. इतके चिकट झालेत, शाळेत वहीला चिकटतील."

"तू माझी कोणी नाहीस! आई पण नाहीस!"

भाचीचा आवाज मात्र मुळीच चढला नाही. "नसेन. तरी केस धुवायचे आहेत."

"मग पाणी गरम कर."

"केलंय."

"जास्त गरम नको."

"बोट घालून बघ."

थोडा वेळ पाण्याचाच आवाज. मग एकाएकी किंकाळी: "आई, डोळे! आई, डोळ्यात गेलं!"

आणि पाण्याचा आवाज थांबला. मी बाहेरून म्हटले, "अगं, थांबलीस काय? पाणी ओत, पोरीचे डोळे झोंबताहेत." तरी भाची काही वेळ पाणी ओतेना. मग ओतले, भरपूर ओतले, बाहेरच्या पायपुसण्यापर्यंत आले. मुलगी ओरडत राहिली, "पुरे ना आई, आता कानात जातंय."

दोघी बाहेर आल्या तेव्हा कन्या टॉवेलात गुंडाळलेली, अंगठीतल्या खड्यासारखी चकाकत होती, आणि भाचीचेही डोळे लालबुंद होते. साबण भलताच उग्र असला पाहिजे. मी सांगितले की उद्याच सौम्य साबण आणा. भाचीने मान हलवली, पण ती हसत होती.

"साबण तोच राहू दे गं," हे म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले. का, ते काही केल्या सांगेनात. परतताना वाटेत दोनदा विचारले. म्हणाले, तुझ्या पोथीत शोध.

शोधते आहे. तूर्त लेखणी ठेवते.

पुढेमागे ही पाने ज्याच्या हाती पडतील, त्या वाचणाऱ्याचे कल्याण असो. त्याच्या घरी थकलेल्याला झोप मिळो आणि रुसलेल्याला दार आपटण्याइतका हक्क मिळो. अडल्या वेळी मदत मागताना त्याची जीभ लाजेने अडखळू नये. जगातल्या प्रत्येक लेकराला हाक मारण्यासाठी कोणीतरी असो, आणि ती हाक ऐकताच धावून जाणारे पाय त्या घरात असोत. सर्वांवर त्या करुणाकराची सावली राहो.